आईची सही

15 ऑगस्टला मी गावी होतो. झेंडावंदन झालं, चिवडा खाऊन लोक पांगले आणि ग्रामसभेला उरले वीस-बावीस. दुपारी पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात. "इथं सही कर बाबू, कोरम भरत नाही." कायद्यानं 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. मी सही केली. आई निंदणाला गेली होती. "तिची बी तूच करून दे." तीही केली. अ‍ॅपच्या अटी न वाचता टिक करतो, तशी.

गंमत म्हणजे तेव्हा मी मोबाइलवर अथेन्सच्या लोकशाहीबद्दलच वाचत होतो. इ.स.पू. 508च्या सुमारास क्लेइस्थेनिसनं घराण्यांचं वजन कमी करायला नागरिकांची वस्तीवार नव्यानं दहा गटांत विभागणी केली. 500 जणांचं मंडळ सोडतीनं निवडायचे. पुढे ज्युरीच्या सोडतीसाठी खाचांचा दगड आणि काळे-पांढरे गोळे आले, म्हणजे रँडम नंबर जनरेटरच. माझ्यातला इंजिनिअर तिथंच रमला.

आता आठवतो तो मात्र दोर. सभा प्निक्स टेकडीवर भरायची, काही निर्णयांना 6000 नागरिक लागायचे, आणि लोक बाजारात गप्पा हाणत बसायचे. मग लाल रंगात भिजवलेला दोर ताणून त्यांना सभेकडे हाकायचे. अ‍ॅरिस्टोफेनिसनं इ.स.पू. 425च्या नाटकात त्याची टर उडवली आहे. नंतर तर सभेला येण्याचे पैसेही सुरू झाले. एवढा खटाटोप, पण बायकांना आणि गुलामांना तिथं जागा नव्हतीच.

आईला आहे. दिवाळीनंतर ती पंचायतीत गेली, आमच्या गल्लीची नाली आराखड्यातून कशी गळली ते विचारायला. तिला ठराव दाखवला: सर्वानुमते मंजूर. "तुमची सही आहे ना काकू." तिनं अक्षर ओळखलं. तिथं काही बोलली नाही.

रात्री फोन आला. "माही सही तू केली का रे?"

"हो."

"मले विचारलं असतं तर नालीचं सांगतलं असतं ना मी."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेवाग्राम आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. 1936पासून गांधी तिथं राहिले, गावानं आपला कारभार आपण चालवावा असं सांगत राहिले. शाळेच्या सहलीत बापूकुटी मी चारदा पाहिली. ग्रामसभा एकदाही नाही.

26 जानेवारीला रजा टाकून गेलो. आई शेजारच्या सहा बायांना घेऊन आधीच पुढं बसली होती. नालीचा विषय निघाला, बराच आरडाओरडा झाला, निर्णय काही झाला नाही. शेवटी रजिस्टर तिच्याकडे आलं. तिनं सही केली, वरच्या सह्या बोटानं मोजल्या आणि खाली पानभर आडवी रेघ मारली.

"आता कोणाची चढत नाही," म्हणाली आणि रजिस्टर माझ्याकडे न देता शिपायाला परत दिलं. माझी सही राहिलीच होती.