काडी घालणारे

बांधाच्या भांडणात जमीन किती असते, याचा हिशेब एकदा करून बघावा. चौरस एकराची एक बाजू साधारण २०९ फूट. नांगराचं एक तास पलीकडे गेलं आणि अर्धा फूट बांध कोरला गेला, तर हाती लागते शंभरेक चौरस फूट जमीन. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. त्याचा दहावा हिस्साही भरत नाही. एवढ्यासाठी माणसं कुऱ्हाडी काढतात.

शहरातल्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. मला वाटत नाही. यंदा अर्धा फूट सोडला तर पुढच्या साली आणखी अर्धा जाणार, ही भीती काही खोटी नसते. आणि शेजारी आवडला नाही म्हणून शेत उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

आमच्या गावाकडच्या आप्पा आणि तात्यांचं असंच पेटलं. सुरुवात बांधावरच्या बाभळीपासून. ती एकानं तोडली, दुसरा म्हणाला माझी होती. मग हद्दीचा दगड हलला. तो दगड मी पाहिला आहे: एका अंगाला पहारीचा ताजा घाव, बुडाला अजून ओली माती, आणि हातभर अंतरावर त्याचा जुना खड्डा तसाच उघडा. लपवायची कुणाला गरजच वाटली नव्हती. पुढं वाटेवर काटे पडले, पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंदी झाल्या. दोन्ही घरच्या बायका तेवढ्या गिरणीत भेटल्या की खालमानेनं एकमेकींच्या पोरांची चौकशी करायच्या.

पेरणीच्या तोंडावर एका सकाळी खोऱ्याचा दांडा आप्पांच्या डोक्यात बसला. आप्पा वाचले, पण उजवा हात गेला तो गेलाच. तात्यांवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा. वकिलापायी आधी बैलजोडी विकली, मग रस्त्याकडचा अर्धा एकर.

माझा राग या दोघांवर कमी आहे. पारावर बसून 'आप्पा, आता कमीपणा घेऊ नका, आम्ही आहोत' म्हणणाऱ्यांवर जास्त आहे. तेच लोक संध्याकाळी तात्यांकडं चहा प्यायचे. फिर्यादीत त्यांचं नाव नाही, साक्षीलाही कुणी आलं नाही.

कायदे नाहीत असं नाही. अडवलेली वाट मोकळी करून द्यायला तहसीलदाराच्या हाती १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आहे, हद्द ठरवायला भूमी अभिलेखची मोजणी आहे. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली. काही गावांत तंटे खरंच मिटले, काही गावांत नुसते फलक लागले. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात वर्षानुवर्षं असेल, तर २०२३ च्या सलोखा योजनेत हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त होतो. पण या प्रत्येक दारापर्यंत दोघांना हाताला धरून न्यायला तिसरा माणूस लागतो, आणि तो पारावरचा नको.

तुमच्या शिवारात असा अबोला असेल, तर तो तिसरा माणूस तुम्ही व्हा. कुणाचं चुकलं हे ठरवत बसू नका. दोघांकडून मोजणीचा अर्ज भरून घ्या, फी निम्मी निम्मी. आणि हे रब्बीची काढणी झाली की लगेच करा. पेरणी झाल्यावर, उभ्या पिकात मोजणी अडते.