सुपारी परत मागू नका

पाटण,
10 एप्रिल 2020

दादा,

कोरोनाच्या टाळेबंदीत टपालाचा भरवसा नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. फोनवर निम्मा वेळ तब्येती विचारण्यातच जातो.

जत्रेवाचून गाव कसं दिसतंय, असं तू विचारलंस. चैत्र आहे आणि गुलाल नाही, एवढ्यावरून ओळख. येराडच्या येडोबाची जत्रा नाही, नाईकबाच्या सासनकाठ्या घरातच उभ्या. रामनवमीला चाफळच्या रामाचंही दर्शन बंद होतं. आईनं सकाळी दूरदर्शनवर रामायण लागल्यावर टीव्हीलाच फुलं वाहिली. हसू आलं, पण बोललो नाही.

बंदी योग्यच आहे, यावर माझा वाद नाही. इस्लामपूरच्या कोरोना रुग्णांचा आकडा वीसच्या वर गेल्यापासून इथं शहाणपण आपोआप आलंय. राज्यानं यासाठी जो साथरोग कायदा लावलाय तो 1897 चा, प्लेगातला. तेव्हा आपल्याकडची माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. आपल्याला निदान घरातच बसायचंय.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 'करमणूकच बंद झाली ना, मग काय बिघडलं?' असं पारावरचे म्हणतात. (पारावर बसायला बंदी आहे, तरी हे तिथूनच म्हणतात.) सांगलीत 27 मार्चला शंभरावं नाट्यसंमेलन सुरू व्हायचं होतं, तेही पुढं ढकललं. त्याचं वाईट वाटतं, पण संमेलन पुढच्या वर्षी घेता येईल. तमाशाच्या फडाला ती सोय नाही. शाहीर पठ्ठे बापूराव आपल्याच भागातल्या रेठरे हरणाक्षचे, तमासगीर काळू-बाळू कवलापूरचे, म्हणून आपण छाती फुगवतो. पण फड चालतो कसा, हे कुणी विचारत नाही.

पावसाळ्यात मालक व्याजानं पैसा उचलतो, त्यातून कलाकारांना उचल देतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जाऊन सुपारी ठरवतात आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांवर ते कर्ज फिटतं. यंदा ते दोन्ही महिने हातचे गेल्यातच जमा. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या पोरी, तंबू ठोकणारी माणसं, ट्रकचा ड्रायव्हर, सगळे त्याच पैशावर. गण-गवळण, बतावणी, वग बघून आपण पहाटे घरी जातो, ते तसेच पुढच्या गावाला निघतात.

आता कामाचं. आपल्या गावानं मात्र फेब्रुवारीतच सुपारीचा इसार दिलाय आणि उरलेली वर्गणी तुमच्या मुंबईच्या मंडळाकडे आहे. परवा इथं दोघातिघांनी इसार परत मागायची भाषा सुरू केली. फडमालकानं फोनवर एवढंच विचारलं, 'पुढल्या साली आमालाच बोलावणार न्हवं?' त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं.

तेव्हा दादा, मंडळातल्या माथाडी बंधूंशी तू बोल. काम बंद पडलं की घर कसं चालतं, हे त्यांना समजावून सांगायला नको. इसार पुढच्या वर्षाच्या जत्रेसाठी म्हणून फडाकडेच राहू द्या आणि जमलेल्या वर्गणीतली निम्मी रक्कम आत्ताच त्यांना पाठवा. भंडाऱ्याचा खर्च यंदा नाहीच. आणि गाडी मिळाली तरी इतक्यात गावाकडं निघू नकोस.

तुझा धाकटा भाऊ