घाटाखालचा समुद्र

मे उजाडला की भोर-वेल्ह्यातल्या घरांत कोकणाचे बेत सुरू होतात. वाट ठरलेली: नीरा-देवघरचं पाणी सोबतीला, मग वरंधा घाट, महाड. अंगाला घामाच्या धारा लागल्या की समजायचं, कोकण आलं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटी बघूनच करायची. लाटांनी खडकाला पाडलेली जाळी तळपायाला टोचते. श्रीवर्धन बाळाजी विश्वनाथांचं, दिवेआगरला सुरूचं बन. बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवली की खाडीपलीकडे वेळास, कासवांचं गाव.

मला नवल वाटतं नीरेचं. समुद्र घाटाखाली इतका जवळ, तरी ती पाठ फिरवून भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. पाणी थेट बंगालच्या उपसागरात. आम्हाला एवढा धीर कुठला? आम्ही आपले सरळ पश्चिमेला.