माती दाबायची की जगवायची?

आमच्या सिव्हिलच्या अभ्यासात 'चांगली माती' म्हणजे दाबलेली माती! १९३३ साली प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने मांडलेली चाचणी आम्ही लॅबमध्ये करतो. साच्यात ओलसर मातीचे तीन थर, प्रत्येक थराला हातोड्याचे २५ ठोके. आतली हवा जितकी कमी, तितकी माती भक्कम. रस्त्याला ते बरोबरच आहे. पण झाडाचं काय? ते मला महागावला आजीने शिकवलं.

आमचं शेत आता ठेक्याने दिलंय. गुडघ्यांमुळे आजीचं शेतात जाणं संपलं. तिला निदान घरामागे वांगी, मिरची, कढीपत्ता हवा होता. पण तिथे घर बांधताना टाकलेला मुरूम, पायाखाली रोलर फिरवल्यासारखा घट्ट. आदल्या वर्षीची रोपं महिन्याभरात पिवळी पडून गेली आणि आजीने परसात बसणंच सोडलं.

बाबा म्हणाले, "मूठभर युरिया टाकू." आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "निस्त्या चहावर किती दिवस काढशीन, पोरी? पोटात भाकर पायजे ना!" हॉस्टेलवालीला हे लगेच पटलं!

आधी मी जॅमच्या बाटलीत ती माती आणि पाणी घालून हलवलं. मिनिटभरात जवळजवळ सगळं तळाशी! जाड कण झटकन बसतात, चिकणमातीचे कण तासन् तास तरंगतात. म्हणजे आमच्या मुरमात पाणी धरून ठेवणारं काही नव्हतंच.

मग एप्रिलअखेर फूटभर खोदलं, दगड वेचले, शेतातली काळी माती मिसळली. काळी माती पाणी धरते, मुरूम जास्तीचं सोडतो. त्यावर सोयाबीनचं कुटार, पालापाचोळा आणि शेणाचा काला, थरावर थर. ('कुटार' हा शब्दही या कॉन्व्हेंटवालीला नवीनच!) कुटारात कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी. नुसतं कुटार पुरलं तर ते कुजवणारे जीवाणू मातीतलाच नायट्रोजन ओढतात आणि रोप उपाशी राहतं. म्हणून सोबत शेण, आणि म्हणूनच आधी कुजवणं, मग लावणं. मुठीत पिळल्यावर एखादा थेंब पडेल इतकीच ओल, वर गोणपाट, आणि दर आठ-दहा दिवसांनी वरखाली. कशासाठी? हवेसाठी! लॅबमध्ये जी हवा आम्ही ठोकून बाहेर काढतो, तीच. जूनअखेर शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसाचा वास आला, तेव्हा रोपं लावली.

आमच्याकडे उन्हाळ्यात शेतं साफ करताना धुऱ्यावर काडीकचरा पेटवतात. बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाट्या काढाव्याच लागतात, कबूल. पण पाला, कुटार का जाळायचं? ती मातीची भाकरच ना? आपल्याच यवतमाळचे सुभाष शर्मा वर्षानुवर्षं रसायनांविना शेती करतात. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेतातलं शेतालाच परत द्या, हेच तेही सांगतात.

पोळ्याला घरी गेले तर वांग्याला फुलं होती आणि आजी परसात पाट टाकून बसलेली!

मित्रांनो, आपल्या मेसमागे रोज बादलीभर देठं-सालं फेकली जातात आणि हॉस्टेलसमोरचा मुरूम तसाच ओसाड आहे. सिव्हिलवाल्यांनी खोदावं, केमिकलवाल्यांनी सामू मोजावा, मेकॅनिकलवाल्यांनी ढीग वरखाली करावा. कॉम्प्युटरवाल्यांनी निदान पाणी तरी घालावं! वॉर्डन सर, तेवढी परवानगी द्याल ना?