पंचेचाळीस अंशांचा हट्ट

अकरावीत प्रक्षेप्य गतीचा धडा झाला की गोळाफेकीला येणारी मुलं हमखास विचारतात, "सर, 45 अंशांत फेकला तर गोळा सगळ्यात लांब जाईल ना?" गणित चोख आहे. पण त्या गणितात गोळा जमिनीवरून सुटतो आणि जमिनीवरच पडतो. आमच्याकडे तो सुटतो डोक्याच्या पातळीवर, साधारण 2 मीटर उंचीवरून. सेकंदाला 13 मीटर वेग धरला, तर तेवढ्यानंच उत्तम कोन 42 अंशांवर येतो. आणि मुरलेले गोळाफेकपटू त्याहूनही खाली, बहुधा 35 ते 38 अंशांत सोडतात.

याचं कारण शरीरात आहे. पुस्तकातल्या सूत्रात कोन कुठलाही घ्या, वेग तोच राहतो. माणसाचं तसं नाही. 7.26 किलोचा गोळा जितका उभा ढकलावा, तितकं बळ त्याचं वजन पेलण्यातच खर्ची पडतं. शिवाय छाती आणि खांद्याचा जोर समोर जास्त लागतो, वर कमी. कोन चढला की वेग उतरतो.

आणि वेग फार महाग पडतो. 42 ऐवजी 37 अंशांत सोडला, तर त्याच वेगाला नुकसान होतं जेमतेम वीतभर. उलट कोन तोच ठेवून वेग 13 वरून 14 झाला, तर गोळा पावणेतीन मीटर पुढे पडतो. रायन क्राउझरनं 2023 मध्ये 23.56 मीटरचा विश्वविक्रम केला, तो वर्तुळात गिरकी घेऊन. गिरकी घ्यायची ती वेगासाठीच.

म्हणून माझं लक्ष गोळ्याकडे कमी आणि पायांकडे जास्त असतं. गोळा बोटांच्या मुळाशी, जबड्याखाली मानेला टेकलेला. मानेवर खडूचा पांढरा ठसा. आधी मागचा पाय वळला पाहिजे, मग कंबर, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी. नवख्याचा हात आधी धावतो, कोपर खाली पडतं आणि पायांचा जोर गोळ्यापर्यंत पोचतच नाही.

गोळा सुटल्यावर त्याला फक्त गुरुत्वाकर्षण खेचतं; हवेचा अडथळा नावापुरता. आरडाओरडा करून तो एक तसूही पुढे सरकत नाही. आपल्या हाती असतं ते 2.135 मीटर व्यासाचं वर्तुळ. तेव्हा पोरांनो, कोनमापक दप्तरात ठेवा आणि आधी पाय घोटवा.