शून्य लिहिलेली ओळ

कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं गिट वापरणाऱ्या प्रोग्रॅमरच्या प्रत्येक प्रकल्पात '.गिट' नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं. त्यातली 'कॉन्फिग' ही फाइल उघडली की सुरुवातीलाच एक नोंद दिसते: रिपॉझिटरी-फॉरमॅट-व्हर्जन, बरोबर, शून्य. गिट २००५ साली सुरू झालं आणि ही नोंद त्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. आज जे नवे प्रकल्प सुरू होतात त्यांतल्याही बहुतेकांत तो आकडा शून्यच असतो. जो आकडा बदलतच नाही तो लिहायचा कशाला, असं आमच्याकडे नव्याने आलेली मुलं विचारतात. कॉन्फिगरेशन फाइलीत, म्हणजे प्रोग्रॅमने कसं वागायचं ते लिहून ठेवलेल्या फाइलीत, आवृत्तीचा आकडा हवा की नको हा आमच्या धंद्यातला जुना वाद आहे. माझं मत ठाम आहे: हवा, आणि पहिल्या दिवसापासून हवा. पण त्यामागे सहसा जे कारण सांगतात ते मला पटत नाही.

सांगितलं जातं ते असं, की आकडा असला म्हणजे नव्या प्रोग्रॅमला जुनी फाइल वाचता येते. खरं तर नव्या प्रोग्रॅमची चिंताच नको. तो आपल्या हातात आहे. जुना शब्द दिसला तर असा अर्थ लाव, एवढं त्याला शिकवता येतं. अडचण असते जुन्या प्रोग्रॅमची. तो लोकांकडे जाऊन बसलेला असतो, त्यात आता काही घालता येत नाही, आणि उद्याची फाइल त्याच्याही पुढ्यात येणारच असते. आवृत्तीचा आकडा त्याच्यासाठी लिहायचा.

मी कारखान्यांतल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला हे जास्त जाणवत असेल. चाकणच्या एखाद्या शॉपवर बसलेल्या यंत्रातला प्रोग्रॅम वर्षानुवर्षं तोच राहतो, कारण तो बदलण्यासाठी उत्पादन थांबवायला कोणी तयार नसतं. ऑफिसातला, सेटिंगची फाइल तयार करणारा प्रोग्रॅम मात्र अपडेट होत राहतो, आणि त्याची फाइल पेनड्राइव्हवरून त्या जुन्या यंत्रात जाते. अनोळखी शब्द दिसला की जुने प्रोग्रॅम बहुधा तो सोडून पुढे जातात. स्क्रीनच्या रंगासारखी नुसती भर असेल तर हे उत्तमच. पण समजा, 'वेग' या शब्दापुढचा आकडा आधी दर सेकंदाचा होता आणि नव्या आवृत्तीत तो दर मिनिटाचा झाला. जुनं यंत्र तो सेकंदाचाच धरणार, म्हणजे साठपट वेग मागणार. फाइल शुद्ध, शब्द ओळखीचा. तक्रार करायला जागाच नाही. अशा वेळी 'ही फाइल माझ्यासाठी नाही' म्हणून थांबता येणं, हे जुन्या प्रोग्रॅमला आपण आधीच शिकवून ठेवलेलं असलं पाहिजे.

गिटमधल्या त्या शून्याने हेच केलं. गिट प्रत्येक नोंदीला शा-१ या पद्धतीने २० बाइटची ओळख देतं. ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी २०१७ साली दोन वेगळ्या फाइलींची शा-१ ओळख एकच करून दाखवली. म्हणून पुढे २०२०च्या २.२९ या आवृत्तीत गिटने ३२ बाइटच्या शा-२५६ची सोय प्रायोगिक म्हणून आणली. जुन्या गिटने असं भांडार, म्हणजे रिपॉझिटरी, उघडून त्यात काही लिहिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको. तसं होत नाही, कारण अशा भांडारात शून्याच्या जागी एक लिहिलेला असतो. फार जुनं गिट तो एक पाहूनच नकार देतं. मधल्या काळातल्या गिटला एक या आकड्याचा अर्थ माहीत असतो: 'एक्स्टेन्शन्स' या मथळ्याखालच्या नोंदी वाच, आणि त्यांतली एकही ओळखता आली नाही तर थांब. म्हणजे आकडा एकदाच बदलला. पुढच्या प्रत्येक सुधारणेला नाव मिळालं. याहून नेटकी रचना मी पाहिलेली नाही.

एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक बारकावा आहे, आणि तो माझ्या फार आवडीचा. त्याच्या डेटाबेस फाइलीच्या सुरुवातीला दोन वेगळे आकडे असतात, एक वाचण्यासाठी, एक लिहिण्यासाठी. लिहिण्याचा आकडा आवाक्याबाहेरचा पण वाचण्याचा आवाक्यातला असेल, तर प्रोग्रॅमने फाइल फक्त वाचायची, तिला हात लावायचा नाही. कॉन्फिगरेशनमध्ये हा भेद सर्रास विसरला जातो. जुना प्रोग्रॅम नवी फाइल उघडतो, न कळलेल्या ओळी सोडून देतो, आणि 'सेव्ह' दाबलं की त्या ओळी कायमच्या जातात.

आकडा नसला की काय होतं ते यॅमल या कॉन्फिगरेशन लिहिण्याच्या पद्धतीत पाहावं. यॅमल १.१ मध्ये अवतरणचिन्हांशिवाय 'एनओ' लिहिलं तर त्याचा अर्थ 'नाही'. देशांच्या यादीत नॉर्वेची ही दोन अक्षरं आली की नॉर्वे गायब. २०:२० असं लिहिलं तर ते साठच्या पटीतलं मोजमाप समजून १२२० होतं. २००९च्या १.२ आवृत्तीने हे काढून टाकलं. कोणत्या आवृत्तीने वाचायचं ते फाइलीच्या डोक्यावर लिहायची सोय आहे, पण सक्ती नाही, म्हणून जवळजवळ कोणीच लिहीत नाही. तीच फाइल दोन प्रोग्रॅम आजही दोन अर्थांनी वाचतात.

आकडा नको म्हणणारे डॉकर कंपोजकडे, म्हणजे अनेक कंटेनर एका फाइलीवरून चालवणाऱ्या साधनाकडे, बोट दाखवतात, आणि त्यांचं ते उदाहरण खरं आहे. तिथे 'व्हर्जन' २ आणि ३ असे आकडे होते. तीन हा दोनच्या पुढचा, असा कोणाचाही समज होणार. प्रत्यक्षात ३ हा अनेक संगणकांच्या स्वार्म व्यवस्थेकडे वळवलेला होता, आणि २ मधल्या 'एक्स्टेंड्स'सारख्या काही सोयी त्यात नव्हत्या. अखेर २०२० साली दोन्ही एकत्र केले, आणि आता ती ओळ लिहिली तर कंपोज ती कालबाह्य असल्याचा इशारा देऊन दुर्लक्ष करतं. माझ्या मते इथे दोष आकड्याचा नाही. दोन वेगळ्या कामांना एकाच रांगेतले नंबर दिले, तो दोष आहे.

म्हणून मी साधा पूर्णांक वापरतो, सॉफ्टवेअरच्या आवृत्तीशी त्याची सांगड घालत नाही, आणि जुन्या वाचणाऱ्याचा अर्थाचा घोटाळा होणार असेल तेव्हाच तो वाढवतो.

आकडा न घालताच फाइली बाहेर गेल्या असतील तर? नंतर आकडा घालून जुन्या प्रोग्रॅमला काही कळत नाही, कारण तो ती ओळ पाहतच नाही. तिथे फाइलीचं नावच बदलावं लागतं. जावास्क्रिप्ट तपासणाऱ्या ईएसलिंटने रचना मुळापासून बदलली तेव्हा जुनी 'ईएसलिंट-आरसी' तशीच ठेवून 'ईएसलिंट डॉट कॉन्फिग' ही नवी फाइल आणली, आणि २०२४च्या नवव्या आवृत्तीपासून तीच मुख्य केली. जुन्या तपासनीसाला नवी फाइल दिसत नाही. नव्याला ती सापडली नाही तर तो थांबतो आणि बदल कसा करायचा त्याचा पत्ता देतो. वापरणाऱ्यांना त्रास झालाच, पुष्कळांना फाइली हाताने पुन्हा लिहाव्या लागल्या. पण जुन्या नावाच्या फाइलीत नवा अर्थ भरण्यापेक्षा मी हा त्रास पत्करेन.