डिस्टिलरीचा वायू, सामाईक पाइप आणि आपलं पाणी

राहुरीकर मित्रांनो, आज जरा लांबलचक लिहितोय. पण ऊस लावणाऱ्याने वाचावं.

कार्बन कॅप्चर हा शब्द अलीकडे सारखा कानावर येतो. कारखान्यातून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबून द्रवासारखा करायचा आणि जमिनीत खोल गाडायचा. सिमेंटवाल्यांना हे टाळता येणार नाही, कारण चुनखडी भाजली की हा वायू निघतोच, इंधन कोणतंही वापरा. पण प्रत्येकाने आपापला पाइप आणि आपापली विहीर करायची म्हटलं तर दिवाळं निघेल. म्हणून नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात जवळजवळच्या कारखान्यांनी मिळून सामाईक व्यवस्था करावी असं सुचवलं. आपल्या राज्यात असा पट्टा म्हटला की चंद्रपूर-गडचांदूर डोळ्यासमोर येतो. नॉर्वेत हे सुरूही झालंय. ब्रेविकच्या सिमेंट कारखान्याचा वायू जहाजाने जातो आणि समुद्रतळाखाली अडीच किलोमीटरवर सोडला जातो. पहिला वायू ऑगस्ट २०२५ मध्ये आत गेला. खर्चाचा मोठा वाटा तिथल्या सरकारने उचललाय, हे मात्र आपल्याकडे कुणी सांगत नाही.

आता राहुरीचा काय संबंध? संबंध डिस्टिलरीचा. बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड थोडा आणि नायट्रोजन फार, तो वेगळा करणं महागात पडतं. मळी किंवा रस आंबवताना टाकीतून निघणारा वायू मात्र जवळपास शुद्ध असतो. एक लिटर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो. म्हणजे रोज लाख लिटरची डिस्टिलरी रोज ७५ टन वायू सोडते. थोडा शीतपेयांना आणि सुक्या बर्फाला जातो, पण त्या बाजाराला मर्यादा आहे. नगर जिल्ह्यात कारखाने एकमेकांपासून फार लांब नाहीत. त्यामुळे सामाईक पाइपची कल्पना कागदावर इथे चपखल बसते. अमेरिकेत पाच राज्यांतल्या पन्नासहून जास्त इथेनॉल कारखान्यांना एकाच पाइपने जोडायची योजना आहेच.

त्या योजनेचं काय झालं ते बघा. मक्याचे शेतकरीच आडवे आले. मका विकला जाणार हे त्यांना मान्य होतं, पण खासगी कंपनीसाठी आमची जमीन सक्तीने का, हा त्यांचा सवाल. मार्च २०२५ मध्ये साउथ डकोटाने अशा पाइपसाठी सक्तीचं भूसंपादन करायला कायद्यानेच बंदी घातली. भीतीही उगाच नव्हती. २०२० मध्ये मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ असा पाइप फुटला आणि पंचेचाळीस जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो. बंद विहिरीत उतरलेला माणूस वर का येत नाही, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

आणि पाणी. आपल्या पायाखाली काळा पाषाण, बेसाल्ट. आइसलँडमध्ये अशाच खडकात हा वायू पाण्यात विरघळवून सोडला, तर दोन वर्षांच्या आत त्याचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग दगड होऊन बसला. ऐकायला झकास. पण एक टन वायूला साधारण २५ टन पाणी. ७५ टनांना रोज जवळपास १९ लाख लिटर झालं. जलजीवनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते ३४ हजार माणसांचं पाणी! मुळा धरणातून जायकवाडीला किती सोडायचं यावर जिथे दर दुष्काळी वर्षी भांडण, तिथे हे कुणाच्या वाट्यातून जाणार? अमेरिकेत वालुला इथे २०१३ मध्ये पाण्याशिवाय सुमारे हजार टन वायू बेसाल्टमध्ये सोडून पाहिला आणि तोही खनिज होताना दिसला. आपल्याकडे प्रयोग व्हायचाच असेल तर तसा व्हावा, असं माझं मत.

तरी मला सगळ्यात अवघड वाटतो तो पैशाचा मुद्दा. सामाईक व्यवस्था आपल्याला नवी नाही. मुळा-प्रवरा वीज संस्था आठवते ना? तारा आपल्या, सभासद आपले. थकबाकी डोंगराएवढी झाली, २०११ मध्ये परवाना गेला आणि महावितरण आलं. पाइपचंही तसंच आहे. कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला भरायचा, वायू मात्र हंगामाला येणार. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं, त्या वर्षी पाइप अर्धा रिकामा राहिला असता. वर एखादा कारखाना बंदच पडला तर? राहुरीला हे समजावून सांगायची गरज नाही, श्रीशिवाजीनगरची चिमणी थंड असलेले हंगाम आपण काढलेत. पाच सभासदांपैकी दोन थांबले की त्यांचा भार उरलेल्या तिघांवर, म्हणजे शेवटी त्यांच्या ऊसदरावर.

मी विरोधात नाही. शुद्ध वायू फुकट हवेत सोडण्यापेक्षा पकडणं शहाणपणाचं, आणि पकडायचा तर मिळून पकडणंच परवडेल. फक्त अशी योजना आपल्या भागातल्या एखाद्या कारखान्याच्या वार्षिक सभेत आलीच, तर 'मंजूर मंजूर' ओरडण्याआधी चार गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: पाइप कुणाच्या मालकीचा, रिकाम्या पाइपचा हप्ता कोण भरणार, पाणी कुठलं आणि पन्नास वर्षांनी गळती झाली तर जबाबदारी कुणाची. अहवाल सभेच्या आधी घरी येतो, तो चहाच्या कपाखाली ठेवू नका.